नव्या वर्षाचं रीडिंग चॅलेंज: नाव नोंदवण्याआधी काय करायचं, नोंदवल्यावर काय

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाचणाऱ्यांच्या गटांमध्ये धामधूम असते. कोणी वर्षभरात पन्नास पुस्तकांचा संकल्प सोडतं, कोणी 'यंदा फक्त अनुवाद' म्हणतं, कोणी पंचवीस चौकटींचा (प्रत्येक चौकटीत एका प्रकारचं पुस्तक) बिंगोचा तक्ता फिरवतं आणि खाली 'मी पण, मी पण' अशी रांग लागते. फेब्रुवारी संपेपर्यंत त्यातले बरेचजण गप्प झालेले असतात.

खापर सहसा वेळेवर फोडलं जातं. मला ते पटत नाही. मराठीतून वाचणाऱ्याचं चॅलेंज जितकं वेळेअभावी अडतं, त्याहून जास्त पुस्तकाअभावी अडतं. इंग्रजीतली चॅलेंजेस आखणाऱ्यांनी एक गोष्ट धरूनच ठेवलेली असते: हवं ते पुस्तक दोन-चार दिवसांत हातात पडेल. आपल्याकडे कादंबरीची आवृत्ती संपलेली असते, प्रकाशक 'पुनर्मुद्रणाला गेलंय' सांगतो आणि वाचनालयातली एकुलती एक प्रत कोणीतरी गणपतीत नेलेली असते, ती अजून परत आलेली नसते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष नाव नोंदवण्याची पायरी बरीच उशिरा येते. आधीच्या पायऱ्या टाळून थेट तिथे उडी मारलीत तर पुढचं सगळं अवघड जातं.

पहिली पायरी: कोणत्या प्रकारात उतरताय ते बघा

गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावरचं वार्षिक चॅलेंज २०११पासून चालू आहे आणि ते निव्वळ आकड्याचं आहे. वर्षात किती पुस्तकं वाचणार तो आकडा आपण टाकायचा. कोणती वाचायची याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. या प्रकारात नव्या माणसाला एक खोड लागते: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकडा मागे पडला की हात आपोआप बारीक पुस्तकांकडे जातो. जाडजूड कादंबरी 'पुढच्या वर्षी' म्हणून कपाटातच राहते.

विषयाचं चॅलेंज वेगळं. तिथे कोणीतरी कुंपण घालून देतं आणि आत काय वाचायचं ते आपण ठरवतो. यातही दोन जाती आहेत. एक कलमांची यादी देणारी. अमेरिकेतल्या 'बुक रायट' या पुस्तकांविषयीच्या संकेतस्थळाचं 'रीड हार्डर' २०१५ साली सुरू झालं. त्यात वर्षाला २४ कलमं, म्हणजे महिन्याला दोन. 'पॉपशुगर' या संकेतस्थळाचं चॅलेंजही त्याच वर्षीचं, आणि त्याची यादी बहुतेक वर्षी आणखी लांब, ४० मुख्य कलमं आणि वर १० जादा अशी, राहिली आहे. शीर्षकात रंगाचं नाव असलेलं पुस्तक, आपल्या जन्माच्या वर्षी आलेलं पुस्तक, अशी ही कलमं असतात. गंमत येते, पण वर्षअखेरीस हाती चाळीस सुटी पुस्तकं राहतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

दुसरी जात एकाच विषयाची. एका देशाचं साहित्य, एक कालखंड, एक प्रकार, किंवा घरात आणून ठेवलेली पण न उघडलेली पुस्तकं. काही चॅलेंजेस वर्षभराची नसून महिन्याभराची असतात. दर ऑगस्टमध्ये २०१४पासून 'विमेन इन ट्रान्सलेशन' महिना पाळला जातो. त्यात स्त्रियांनी लिहिलेली, दुसऱ्या भाषेतून आलेली पुस्तकं वाचायची.

पहिल्यांदाच उतरणाऱ्याने एकाच विषयाचं, आणि एकच, चॅलेंज घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. जानेवारीच्या उत्साहात चार ठिकाणी नाव घालणारे लोक मला माहीत आहेत. त्यांची वर्षभर मुख्य करमणूक म्हणजे एकच पुस्तक चारही याद्यांत कसं बसवता येईल याचा हिशेब.

दुसरी पायरी: विषय निवडणं

विषय जमेल की नाही हे तपासायची एक साधी रीत आहे. कागद घ्या. त्या विषयातली तुम्ही वाचलेली पुस्तकं लिहा. दहाच्या वर नावं सहज आली तर तो विषय तुमच्या अंगवळणी पडलेला आहे. तो घेतलात तर वर्ष आरामात जाईल, पण नवं काही हाती लागणार नाही. एकही नाव आलं नाही तर विषय फार लांबचा आहे. दोन-तीन वाचलेली आणि पाच-सहा 'कधीतरी वाचायची आहेत' अशी नावं आली की तो विषय घ्या.

मराठी वाचकासाठी तयार याद्या बऱ्याच आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा. साहित्य अकादमीचे पुरस्कार १९५५पासून दिले जातात आणि आता ते २४ भाषांसाठी असतात. मराठीची यादी घेतली तर कादंबरीपासून समीक्षेपर्यंत सगळं त्यात सापडतं. समीक्षेच्या ग्रंथाने सुरुवात मात्र करू नका. अकादमी १९८९पासून अनुवादासाठी वेगळा पुरस्कार देते. 'यंदा फक्त भारतीय भाषांमधून मराठीत आलेलं' असं ठरवणाऱ्याने ती यादी आधी बघावी, शिवाय नॅशनल बुक ट्रस्टची 'आदान-प्रदान' ही अनुवादांची माला आहेच. कन्नडमधले भैरप्पा उमा कुलकर्णींच्या अनुवादांमुळे मराठी घरांत इतके रुळले आहेत की हा विषय अनेकांना वाटतो त्याहून जवळचा निघतो.

ज्ञानपीठ ही त्याहून आटोपशीर यादी. मराठीला चार वेळा मिळालं: वि. स. खांडेकर (१९७४), कुसुमाग्रज (१९८७), विंदा करंदीकर (२००३) आणि भालचंद्र नेमाडे (२०१४). तिमाहीला एक लेखक असं वर्ष अगदी बेतून घेतल्यासारखं बसतं, आणि त्यात कादंबरीही येते, कविताही, नाटकही. या चारांत एकही स्त्री नाही हे ज्यांना खटकेल त्यांच्यासाठी पुढच्या पायरीतला विषय.

प्रदेशाप्रमाणे वाचणं हाही चांगला मार्ग आहे. खानदेश, मराठवाडा, विदर्भ, कोकण, गोवा, बेळगावकडचा सीमाभाग असे सहा भाग करा आणि प्रत्येकी दोन पुस्तकं घ्या. पुण्या-मुंबईच्या वाचकाला या वाटणीत आपली रिकामी जागा लगेच दिसते. बोलीतलं लेखन वाचायची सवय नसेल तर पहिली तीस-चाळीस पानं जड जातात. तेवढी मोठ्याने वाचावीत, मग जीभ वळते.

आणि जानेवारीत सुरू करणाऱ्यांसाठी एक खास आपला विषय: दिवाळी अंक. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा आहे. बहुतेक घरांत अंक येतात, चाळले जातात आणि कोपऱ्यात जातात. अनेक वाचनालयांची दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, थोडी जादा वर्गणी भरून पुढचे काही महिने अंक बदलून नेता येतात. 'होळीपर्यंत सहा अंक, प्रत्येकातली किमान एक दीर्घकथा आणि एक लेख पूर्ण' हे छोटं, झेपणारं चॅलेंज आहे. वर्षभराचं अंगावर घ्यायची धास्ती वाटत असेल तर इथूनच सुरुवात करा.

तिसरी पायरी: पुस्तकं खरोखर मिळतात का?

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि लोक नेमकी हीच गाळतात. एक उदाहरण घेऊन बघू. विषय: मराठी स्त्रियांची आत्मचरित्रं. वर्षात सहा, म्हणजे दोन महिन्यांना एक.

कच्ची यादी अशी होईल. रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०). लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', जी १९३०च्या दशकात चार भागांत आली. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' (१९७०). बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६). सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' (१९९०). ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' (२००३). याच क्रमाने वाचलीत तर न्यायमूर्तींच्या घरापासून नाशिक-नगरकडच्या ख्रिस्ती झालेल्या कवीच्या संसारापर्यंत, तिथून सिनेमाच्या स्टुडिओत, फलटणकडच्या महारवाड्यात, लेखकाच्या घरात आणि शेवटी रत्नागिरीहून मुंबईत, असा जवळजवळ शंभर वर्षांचा प्रवास होतो. एका विषयाचं चॅलेंज घ्यावं असं मी का म्हणतो ते या यादीवरून कळेल. पुढचं पुस्तक उघडताना मागचं डोक्यात असतं.

आता या यादीतलं प्रत्येक नाव उपलब्धतेच्या चाळणीतून काढा. भारतात लेखकाच्या निधनानंतर, पुढचं वर्ष सुरू होतं तिथून मोजून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे दर १ जानेवारीला काही लेखक हक्कमुक्त होतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११पासून सर्वांसाठी खुलं आहे. आपल्या यादीतल्या रमाबाई रानडे १९२४ साली आणि लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, म्हणजे पहिली दोन पुस्तकं कायदेशीरपणे फुकट वाचता येतात. अशा जुन्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत आणि इंटरनेट अर्काइव्ह या दोन ठिकाणी शोधावं. एवढं लक्षात ठेवा की मूळ लेखक हक्कमुक्त असला तरी नंतर कोणी केलेला अनुवाद, प्रस्तावना किंवा टिपा यांचा हक्क वेगळा असतो.

उरलेली चार हक्कातली आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफ या हिशेबात धरू नका. एक तर तो सरळसरळ चोरीचा माल, आणि दुसरं, त्या स्कॅनमधली पानं मध्येच गायब असतात. विकत घ्यायची असतील तर डिसेंबरातच घ्या. पुण्यात २०२३पासून डिसेंबरमध्ये पुस्तक महोत्सव भरतो आणि साहित्य संमेलनातलं ग्रंथप्रदर्शनही असतं. अशा ठिकाणी यादी खिशात ठेवून गेलेला माणूस आणि नुसता फिरायला गेलेला माणूस यांच्या पिशव्यांमध्ये फार फरक पडतो.

वाचनालयातून घ्यायची असतील तर आधी एक चक्कर मारा. ग्रंथपालांना पूर्ण यादी दाखवा आणि तीन गोष्टी विचारा: पुस्तक संग्रही आहे का, किती प्रती आहेत, आणि एका वेळी किती दिवस ठेवता येतं. बऱ्याच जुन्या वाचनालयांत कपाटांपर्यंत जाता येत नाही, खिडकीवर चिठ्ठी द्यावी लागते. तिथे दाखल क्रमांक (वाचनालयाने त्या प्रतीला दिलेला नंबर) माहीत असेल तर काम झटपट होतं, म्हणून पहिल्याच चकरेत क्रमांक टिपून ठेवा. चिठ्ठीवर कधीही एकच नाव लिहू नका, तीन लिहा. पहिलं बाहेर गेलेलं असतं, दुसरं बाइंडिंगला दिलेलं असतं, तिसरं मिळतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. गावातलं वाचनालय ड वर्गाचं असेल तर तालुक्याच्या गावी वरच्या वर्गाचं कोणतं आहे ते विचारून घ्या. दुर्मीळ, आवृत्ती संपलेल्या पुस्तकांसाठी जुन्या संस्थांना पर्याय नाही: पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), पुणे मराठी ग्रंथालय (१९११). अनामत आणि वर्गणी मिळून वर्षाचा खर्च तीन-चार नव्या पुस्तकांच्या किमतीएवढाही सहसा होत नाही. पाचगणीजवळचं भिलार हे २०१७पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, पण ती तिथेच बसून वाचायची. यादीतलं एखादं बारीक पुस्तक सुट्टीत तिथे संपवता येतं. वर्षाचं चॅलेंज मात्र त्यावर उभं करता येणार नाही.

परदेशात राहणाऱ्यांनी दोन वाटा बघाव्यात. किंडलवर मराठी ई-पुस्तकं आणि स्टोरीटेलवर मराठी ऑडिओ ही एक. दुसरी, स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या कपाटात काय आहे ते विचारणं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातल्या पुस्तकपेट्या परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंतही पोहोचल्या आहेत, तेव्हा आपल्या शहरात अशी पेटी आहे का याची चौकशी करावी. गावाकडून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत दोन किलो जागा राखून ठेवायला सांगणं हा तिसरा मार्ग आहेच, पण त्यावर लोणच्याचा हक्क पहिला असतो.

चाळणी झाली की यादीसमोर खुणा करा: हातात आहे, वाचनालयात आहे, विकत घ्यायचं, मिळत नाही. सहा पुस्तकांच्या चॅलेंजसाठी 'हातात' आणि 'वाचनालयात' मिळून किमान नऊ नावं झाली पाहिजेत. तेवढी होत नसतील तर विषय थोडा रुंद करा. 'स्त्रियांची आत्मचरित्रं'ऐवजी 'स्त्रियांनी लिहिलेलं ललितेतर' असं केलंत की प्रवासवर्णनं, पत्रं आणि लेखसंग्रह आत येतात.

चौथी पायरी: नियम वाचा, नसतील तर विचारा

बहुतेक चॅलेंजेसचे नियम अर्ध्या पानाचे असतात आणि तरीही कोणी वाचत नाही. पुढचे प्रश्न मात्र आधीच सोडवून घ्यावेत, कारण वाद नेमके यांवरूनच होतात.

पूर्वी वाचलेलं पुस्तक पुन्हा वाचलं तर धरतात का? काही ठिकाणी नाही. एकच पुस्तक दोन कलमांत चालतं का? कमीत कमी पानांची अट आहे का? कवितासंग्रह आणि नाटक वाचणाऱ्यांचं या अटीमुळे नुकसान होतं. ऑडिओ धरतात का? मला विचाराल तर पूर्ण ऐकलेलं पुस्तक वाचलेलंच आहे, पण आयोजकाचा शब्द शेवटचा. डिसेंबरात सुरू करून जानेवारीत संपवलेलं कोणत्या वर्षात जातं? सहसा संपवल्याची तारीख बघतात.

विषयाच्या चॅलेंजमध्ये कुंपणावरचे प्रश्नही येतात. वर उल्लेख केलेलं 'सांगत्ये ऐका' हंसा वाडकरांनी सांगितलं आणि शब्दांकन अरुण साधूंनी केलं. ते आत्मचरित्र म्हणायचं का? मी निःशंकपणे म्हणेन, पण एखादा काटेकोर आयोजक नाही म्हणू शकतो. संक्षिप्त आवृत्तीबद्दलही असंच. असे प्रश्न जानेवारीत विचारले तर चर्चा होते, डिसेंबरात विचारले तर भांडण.

इंग्रजी चॅलेंजमध्ये मराठी पुस्तकं चालतात का, हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न. भाषेची अट सहसा नसते. 'अनुवादित पुस्तक' या कलमात कन्नडमधून मराठीत आलेली कादंबरी बिनदिक्कत घालावी. 'स्वतःच्या देशाबाहेरच्या लेखकाचं पुस्तक' असं कलम असेल तर तो देश तुमचा धरायचा, आयोजकाचा नव्हे.

पाचवी पायरी: आकडा

दिवसाला २० पानं वाचलीत तर ३०० पानांचं पुस्तक १५ दिवसांत होतं. म्हणजे वर्षाला २४. हा हिशेब कागदावर सुरेख दिसतो, आणि त्यात एकही लग्न, एकही आजारपण, मुलांच्या मार्चमधल्या परीक्षा, गणपतीचे दहा दिवस किंवा दिवाळीची साफसफाई नाही. म्हणून आलेल्या आकड्याचा अर्धा करा. अर्धा म्हणजे १२, आणि त्यातले सहा चॅलेंजचे, सहा मनाला येईल ते. विषयाच्या बाहेरचं वाचायला जागाच ठेवली नाही तर एप्रिलपर्यंत त्या विषयाचा कंटाळा येतो.

अनेक चॅलेंजेसमध्ये पातळ्या असतात: चार पुस्तकं, आठ, बारा, त्याहून पुढे. सगळ्यात खालची घ्या. वर्षाच्या मध्यात वर चढायला बहुतेक ठिकाणी परवानगी असते, खाली उतरायला नेहमीच असते असं नाही.

सहावी पायरी: आता नाव नोंदवा

गुडरीड्सवर खातं काढून रीडिंग चॅलेंजच्या पानावर आकडा टाकला की नोंदणी झाली. आकडा नंतर बदलता येतो. पुस्तक 'वाचलं'च्या कप्प्यात टाकून संपवल्याची तारीख त्याच वर्षातली दिली तरच ते मोजलं जातं. 'मी आठ वाचली, हे पाचच दाखवतंय' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा ही राहिलेली तारीख असते. मराठी पुस्तक शोधताना नाव देवनागरीत टाकून बघा, मग रोमन अक्षरांत, मग लेखकाच्या नावाने. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन वेगवेगळ्या नोंदी सापडतात, त्यातली कोणतीही एक धरा.

विषयाच्या चॅलेंजसाठी मला स्टोरीग्राफ जास्त सोयीचं वाटतं. नादिया ओडुनायो यांनी उभं केलेलं हे संकेतस्थळ २०१९चं आहे. तिथे कलमांची यादी असलेल्या चॅलेंजमध्ये सामील होता येतं, प्रत्येक कलमासमोर आपलं पुस्तक लावता येतं आणि स्वतःचं चॅलेंजही तयार करता येतं. पानांचं उद्दिष्ट ठेवायची सोय असल्यामुळे जाड पुस्तक घेणाऱ्यावर अन्याय होत नाही. गुडरीड्सवरची जुनी यादी तिकडे नेताही येते.

वाचनालयाच्या किंवा मित्रमंडळींच्या चॅलेंजमध्ये नोंदणी म्हणजे एक गुगल फॉर्म किंवा व्हॉट्सअ‍ॅप गट. फॉर्ममध्ये नाव आणि ईमेलपलीकडे जन्मतारीख, पत्ता वगैरे विचारत असतील तर का हवंय ते विचारा. गटात शिरलं की आपला नंबर सगळ्यांना दिसतो, ते चालणार नसेल तर आयोजकाला फक्त महिन्याची नोंद पाठवायची सोय मागून घ्या.

नोंदणीच्या वेळी यादी मागितली तर 'यांतून निवडेन' असं लिहून नऊ-दहा नावं द्या. 'ही सहा वाचणार' असं लिहून स्वतःला बांधून घेण्यात काही अर्थ नाही, चौथ्या पुस्तकाची प्रत ऐनवेळी मिळणार नाही हे आपल्याला आता माहीत आहे. नोंदणीची मुदत, नोंदी कुठे टाकायच्या आणि शेवटची तारीख या तीन गोष्टी लगेच कॅलेंडरवर उतरवा, कालनिर्णयवर असो की फोनमध्ये.

नोंद कशी ठेवायची

वही उत्तम. पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक (हे नाव लिहायचं लोक विसरतात, आणि ते बरोबर नाही), प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पानं, सुरू केल्याची आणि संपवल्याची तारीख. वाचनालयाचं पुस्तक असेल तर दाखल क्रमांक. खाली तीन-चार ओळी. 'छान आहे, जरूर वाचा' हे चालणार नाही. एखादा प्रसंग, एखादं वाक्य, लेखकाचं न पटलेलं मत, असं काहीतरी ठोस हवं. संपवल्याच्या दिवशीच लिहा, आठवड्याने लिहायला बसलात तर मलपृष्ठावरचा मजकूर तेवढा आठवतो.

चॅलेंजच्या गटात नोंद टाकायची असते तेव्हाही याच ओळी वापराव्यात. दुसऱ्यांच्या नोंदी वाचा आणि उत्तरं द्या. सहा पुस्तकं एकट्यानेही वाचता येतात, गटात जायचं ते कोणीतरी 'हे वाचलंस का?' म्हणावं म्हणून.

मध्येच अडलं तर

तीन तारखा ठरवून ठेवा आणि त्या दिवशी यादी समोर घेऊन बसा. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. २३ एप्रिल, जागतिक पुस्तक दिन. १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. फेब्रुवारीत एक पुस्तकही झालं नसेल तर यादीतलं सगळ्यात बारीक आधी घ्या. आपल्या उदाहरणात ते 'जिणं आमुचं' असेल, वर्षांचा क्रम थोडा मोडला तरी बिघडत नाही. एप्रिलमध्ये लग्नकार्यं आणि सुट्टीचे प्रवास डोळ्यांसमोर असतात, तेव्हा एखादं पुस्तक ऑडिओवर न्यायचं का ते बघा. ऑक्टोबरात दोनाहून अधिक बाकी असतील तर पातळी कमी करून मागा. दिवाळी अंक घरात आले की पुस्तकांचं वाचन मंदावतं हे गृहीतच धरा.

न आवडलेलं पुस्तक सोडायला हरकत नाही. पन्नास पानं द्या, मग सोडा आणि सोडल्याचं कारण वहीत लिहा. राखीव तीन नावं त्यासाठीच आहेत.

मनासारखं चॅलेंज सापडलंच नाही तर

चारजण जमवा आणि स्वतःचं सुरू करा. सोसायटी, ऑफिस, भिशीचा गट, वाचनालय, काहीही चालेल. जानेवारी हुकला असेल तर गुढीपाडव्याला सुरू करा, तो आपल्या नव्या वर्षाचा पहिला दिवसच आहे आणि तोपर्यंत इतरांची जानेवारीची हवा ओसरलेली असते. विषय एक, पुस्तकं चार, नियम पाच ओळींत बसतील एवढेच.

चौघांनी चार वेगळी पुस्तकं विकत घेऊन आळीपाळीने फिरवली तर उपलब्धतेचा प्रश्न मुळातच मिटतो आणि खर्च एका पुस्तकाचा येतो. प्रत्येक पुस्तक दोन ते अडीच महिने एकाकडे. पहिल्या पानावर पेन्सिलने चारही नावं आणि तारखा लिहा, नाहीतर तिसऱ्या फेरीत पुस्तक कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. पुस्तकात खुणा करायच्या की नाही हेही आधीच ठरवा. माझं मत: पेन्सिलने जरूर कराव्यात, दुसऱ्याने कुठे थांबून रेघ मारली हे बघायला मजा येते. काहीजणांना मात्र ते अजिबात खपत नाही, आणि प्रत त्यांची असेल तर त्यांचंच ऐकावं लागतं.

वर्षाची शेवटची तारीख ३१ डिसेंबर ठेवू नका. त्या आठवड्यात अर्धे लोक गावाला असतात. १५ डिसेंबर ठेवा, त्या सुमारास एखाद्याच्या घरी जमा, पुस्तकं ज्याची त्याला परत करा आणि पुढच्या वर्षाचा विषय तिथेच ठरवून घ्या. पुस्तक प्रदर्शनांच्या मोसमात तो ठरलेला असला की खरेदीही लगेच करता येते.